क्रमांकित काउबॉय

अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुराख्यांची, म्हणजेच काउबॉय लोकांची, रंगीत छापील चित्रे जमवणारा संग्राहक हा कलाव्यवहारातील एक स्वतंत्र वर्ग मानावा लागतो, कारण त्याची लक्षणे तैलचित्रे विकत घेणाऱ्या श्रीमंताशी जुळत नाहीत आणि टपालतिकिटे चिकटवणाऱ्या विद्यार्थ्याशीही पूर्णपणे जुळत नाहीत. पहिल्याजवळ पैसा असतो, दुसऱ्याजवळ वेळ असतो. छापील चित्रांच्या संग्राहकाजवळ हे दोन्ही बेताचेच असल्यामुळे तो दुधाची तहान ताकावर भागवतो, मात्र ते ताक कोणत्या गाईच्या दुधाचे, कोणत्या साली घुसळलेले आणि त्याचे एकूण पेले किती भरले, याची लेखी हमी मिळाल्याशिवाय तो त्याला ओठ लावत नाही. या हमीच्या कागदाला त्या व्यवहारात अस्सलपणाचे प्रमाणपत्र म्हणतात, आणि सोबतची वस्तू ही मूळ चित्राची यांत्रिक नक्कल असून ती अस्सल नक्कल आहे, असे त्यावर जबाबदार व्यक्तीच्या सहीनिशी नमूद केलेले असते.

हा संग्राहक बहुधा फीनिक्स, डॅलस किंवा डेन्व्हर अशा शहरांच्या उपनगरांत राहतो, दंतवैद्यक, विमा अथवा घरबांधणी यांसारख्या व्यवसायातून निवृत्त झालेला किंवा होऊ घातलेला असतो, आणि घोड्यावर बसण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात सुट्टीतल्या सहलींपुरते, तेही दुसरे कोणीतरी लगाम धरून पुढे चालत असताना, आलेले असतात. तरीही टेक्सासचा गुराखी फासाच्या दोरीचे टोक खोगिराच्या पुढच्या खुंटीला पक्के बांधून ठेवतो आणि कॅलिफोर्नियाचा गुराखी तीच दोरी जनावर अडकल्यानंतर खुंटीभोवती गुंडाळतो, म्हणून पहिल्याच्या खोगिराला दोन तंग, म्हणजे पोटाखालून आवळायचे पट्टे, लागतात आणि दुसऱ्याचे एकावर भागते, हे त्याला तोंडपाठ असते. एखाद्या चित्रकाराने टेक्सासच्या गुराख्याला चुकून एका तंगाचे खोगीर दिलेच, तर त्या चित्रकाराची उरलेली सारी कारकीर्द या संग्राहकाच्या लेखी खोगीरभरती ठरते.

या छंदाचा उगम कलादालनात नसून गुत्त्यात आहे, ही गोष्ट प्रकाशकांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत फारशी आढळत नाही. १८७६ साली मोन्टानातील लिटल बिगहॉर्न नदीच्या काठी कस्टर हा सेनाधिकारी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांशी झालेल्या लढाईत मारला गेला. त्या प्रसंगावर कॅसिली ॲडम्स याने काढलेले अवाढव्य तैलचित्र पुढे सेंट लुईसच्या ॲनहायझर-बुश या बिअर कंपनीच्या हाती आले, आणि ऑटो बेकर याच्याकडून त्याची शिळाछापाची आवृत्ती करवून घेऊन कंपनीने १८९६ पासून ती देशभरातील गुत्त्यांमध्ये वाटली. शिळाछाप म्हणजे गुळगुळीत दगडावर प्रत्येक रंगासाठी वेगळे रेखाटन करून एकाच कागदावर ते रंग एकापाठोपाठ एक चढवण्याची पद्धत. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती ज्या पद्धतीने त्याच दशकात आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळच्या मळवलीत छापल्या जाऊन घरोघरच्या देव्हाऱ्यांत पोचल्या, तीच ही पद्धत होय. कस्टरच्या मृत्यूच्या दीड लाखांवर प्रती निघाल्या. त्या चित्रात घोडे, धूर, बंदुका आणि नावानिशी बिअर असे सर्व काही असले तरी काउबॉय एकही नाही. परंतु बसल्या जागी समोरच्या भिंतीवर पश्चिमेचे काहीतरी दिसले पाहिजे, ही सवय अमेरिकन पुरुषाला त्या चित्राने लावली आणि ती बिअरबरोबरच टिकून राहिली. मूळ तैलचित्र मात्र १९४६ मध्ये टेक्सासातील फोर्ट ब्लिस येथील लष्करी तळावर लागलेल्या आगीत जळाले, त्यामुळे आज उरली आहे ती नक्कलच.

काउबॉय-चित्रांचे दोन आद्य आचार्य म्हणून ज्यांची नावे एका दमात घेतली जातात, त्यांपैकी फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९) हा न्यूयॉर्क राज्यात जन्मला आणि पश्चिमेच्या अनेक फेऱ्या करूनही कर्त्या वयातली बरीच वर्षे न्यूयॉर्क शहरालगतच्या न्यू रोशेल येथील आरामशीर घरात राहिला, तर चार्ल्स रसेल (१८६४–१९२६) हा सेंट लुईसच्या सुखवस्तू कुटुंबातून १८८० साली, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, मोन्टानात गेला आणि त्याने खरोखरच गुरे राखली, त्यातही बहुधा रात्रपाळीला. या दोघांची तुलना करण्यात अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली असली तरी दोघांना जोडणारी एक बाब जरा हळू आवाजात सांगितली जाते, ती अशी की दोघांचेही पश्चिमेतील पहिले पाऊल मेंढ्यांच्या लेंड्यांत पडले. रेमिंग्टनने १८८३ मध्ये कॅन्ससमध्ये विकत घेतले ते मेंढ्यांचे कुरण, आणि पुढच्याच वर्षी ते विकून तो मोकळा झाला. रसेलला मोन्टानात मिळालेली पहिली नोकरी मेंढ्यांच्या वाड्यावरची होती आणि ती त्याला जमली नाही. गुरे पाळणाऱ्यांच्या दृष्टीने मेंढी हा गवत मुळापर्यंत कुरतडून कुरणाची वाट लावणारा प्राणी असून मेंढपाळांशी त्यांची रक्तपातापर्यंत वैरे चालत, हे लक्षात घेतले म्हणजे आद्य आचार्यांच्या या पूर्वायुष्याने संग्राहकाची केवढी पंचाईत होते हे समजते. शंभर चित्रांच्या संग्रहात अस्वल निघेल, लांडगा निघेल, क्वचित स्वयंपाक्याचे मांजरही निघेल. मेंढी निघणे दुरापास्त आहे.

रेमिंग्टनने १९०३ मध्ये 'कॉलियर्स' या साप्ताहिकाशी करार केला आणि त्याची रंगीत चित्रे साप्ताहिकाच्या पानांवर छापली जाऊन पुढे भिंतीवर लावण्याजोग्या सुट्या प्रतींच्या रूपातही विकली जाऊ लागली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मात्र आपण नुसते मासिकांचे चित्रकार नसून खरे कलावंत आहोत, हे सिद्ध करण्याची त्याला इतकी तळमळ लागली, की १९०७ आणि १९०८ मध्ये त्याने आपली नापसंत चित्रे अंगणात रचून जाळली. त्यांत 'कॉलियर्स'साठी काढलेल्या थोर शोधप्रवाशांच्या मालिकेतील बरीचशी चित्रे होती, आणि ती आता केवळ साप्ताहिकाच्या छापील पानांवर शिल्लक आहेत. छापील चित्रांच्या संग्राहकाला कोणी नकलांचा गिऱ्हाईक म्हणून हिणवले, तर तो कस्टर आणि रेमिंग्टन ही दोन्ही अग्निदिव्ये एकामागून एक पुढे करतो, मूळ जळते आणि प्रत उरते असा सिद्धान्त मांडतो, आणि समोरचा निरुत्तर झाल्यावर घरचा आगीचा विमा या वर्षी भरला आहे की नाही, याची आठवण करून घेतो.

या चित्रांचा समकालीन कालखंड सर्वसाधारणपणे १९६५ पासून धरता येतो, कारण त्या वर्षीच्या जून महिन्यात ॲरिझोनातील सेडोना या गावी जो बीलर, चार्ली डाय, जॉन हॅम्प्टन आणि जॉर्ज फिपेन या चौघांनी 'काउबॉय आर्टिस्ट्स ऑफ अमेरिका' ही संस्था स्थापन केली. स्थापनेची सभा ओक क्रीक टॅव्हर्न येथे भरली, म्हणजे गाडी पुन्हा गुत्त्यावरच आली. रेमिंग्टन आणि रसेल यांची परंपरा चालवणे, चित्रांत तपशिलाचा खरेपणा राखणे आणि सभासदांनी वर्षातून एकदा एकत्र घोडेस्वारीला जाणे, हे संस्थेचे उद्देश होते. चित्रकारांच्या अन्य संस्थांचे उद्देश याहून उदात्त असतात, पण त्यांच्या सभासदांना एकमेकांचे तोंड पाहवत नाही, हा फरक नोंदवण्याजोगा आहे.

या परंपरेत पुढे आलेल्या अनेक नामवंतांनी आपली कारकीर्द न्यूयॉर्कमध्ये जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि चित्रपटांची भित्तिपत्रके रंगवण्यापासून सुरू केली होती. मैदानी प्रदेशातील आदिवासींची चित्रे काढून या क्षेत्रात सर्वोच्च मान मिळवणारा हॉवर्ड टर्पनिंग याने 'द साउंड ऑफ म्यूझिक' आणि 'डॉक्टर झिवागो' यांची भित्तिपत्रके रंगवली होती. वायोमिंगच्या वाटांवरील म्हाताऱ्या गुराख्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती टिपणारा जेम्स बामा हा १९६८ मध्ये तेथे स्थायिक होण्यापूर्वी 'डॉक सॅव्हेज' या साहसकथांची मुखपृष्ठे आणि फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारख्या भीषण पात्रांच्या जुळणी-खेळण्यांची खोकी रंगवत असे. या सर्वांच्या चित्रांच्या प्रती काढून १९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत बाजार गाजवणारी ग्रीनिच वर्कशॉप ही प्रकाशनसंस्था होती देशाच्या अगदी पूर्वेकडील कनेटिकट राज्यात, म्हणजे जवळच्या खऱ्याखुऱ्या काउबॉयपासून काही हजार किलोमीटर सुरक्षित अंतरावर. पश्चिमेचे चित्र पूर्वेत छापून पश्चिमेला विकायचे, या उद्योगात कोणालाच काही वावगे वाटले नाही.

आता घोडे पेंड खाते ते क्रमांकांपाशी. 'मर्यादित आवृत्ती' म्हणजे ज्या चित्राच्या प्रती ठरावीक संख्येपलीकडे काढल्या जाणार नाहीत असे वचन दिलेले असते ती आवृत्ती, आणि तिच्यातील प्रत्येक प्रतीच्या समासात शिसपेन्सिलीने चित्रकाराची सही व ४३७/१००० असा अपूर्णांक लिहिलेला असतो, ज्याचा अर्थ हजारांपैकी चारशे सदतिसावी प्रत असा होतो. ही प्रथा आली ती ताम्रपटावर कोरून हाताने छापल्या जाणाऱ्या चित्रांतून. तेथे दाब पडून पडून पत्र्यावरच्या रेघा झिजत जात, म्हणून आधी निघालेली प्रत ठसठशीत आणि शेवटची पुसट असे, आणि लहान क्रमांकाला अधिक मोल देण्यात शहाणपणा होता. काउबॉयांची बहुतेक चित्रे मात्र ऑफसेट यंत्रावर छापली गेली. या यंत्रात चित्राचे छायाचित्र घेऊन त्याचे निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा असे चार रंग वेगळे केले जातात आणि ते बारीक ठिपक्यांच्या रूपाने कागदावर उतरतात, त्यात पहिली आणि हजारावी प्रत जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. शिवाय छापून झालेल्या कागदांची चळत उलटसुलट होऊन मग चित्रकारापुढे येते आणि तो वरून हाताला लागेल त्यावर क्रमांक टाकत जातो, त्यामुळे पहिला क्रमांक पहिल्यांदा छापलेल्या कागदावर पडेल, याची खुद्द यंत्र चालवणारासुद्धा खात्री देणार नाही. इतके सारे ठाऊक असूनही १२/१००० साठी संग्राहक ९१२/१००० पेक्षा अधिक पैसे मोजतो, आणि त्याच चित्रकाराची पुढची सर्व चित्रेही बाराव्याच क्रमांकाची मिळावीत म्हणून विक्रेत्याकडे नाव नोंदवून ठेवतो. या प्रकाराला जुळत्या क्रमांकांचा संच म्हणतात आणि वारसांपैकी कोणाला तो फोडून वाटून घेता येत नाही.

अपूर्णांकाच्याही वर एक वर्ण आहे, तो 'चित्रकाराची परीक्षणप्रत' या नावाचा. ताम्रपटाच्या काळी कलावंत छपाई सुरू करण्यापूर्वी शाई नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी दोन-चार प्रती काढून स्वतःजवळ ठेवी, त्या या प्रती. ऑफसेट छपाईत अशी परीक्षा यंत्रावरचा माणूस करतो आणि तिचे कागद रद्दीत जातात. तरीही आवृत्तीच्या सुमारे दशांशाइतक्या प्रतींवर अपूर्णांकाच्या आधी परीक्षणप्रतीची अक्षरे लिहून त्या चढ्या भावाने विकण्याचा प्रघात पडला आहे, म्हणजे ज्या परीक्षेला कोणी बसलेच नाही तिच्या शंभर उत्तरपत्रिका बाजारात येतात. याच्याही वरची पायरी 'रिमार्क'ची असून तीत चित्रकार समासात पेन्सिलीने किंवा जलरंगाने एखादे छोटे मूळ रेखाटन, बहुधा बैलाचे डोके किंवा टोपी, काढून देतो. रेखाटनाचा एवढासा तुकडा मात्र खरोखरच हाताने काढलेला असल्याने सही-क्रमांक सोडल्यास संपूर्ण वस्तूत जे अस्सल आहे ते तेवढेच असते, आणि चौकट बसवणारा कारागीर नवखा असला तर नेमके तेच पुठ्ठ्याच्या पट्टीखाली दडपून टाकतो.

मर्यादेला मर्यादा असावी की नसावी, या प्रश्नाचे उत्तर प्रकाशकांनी 'कालमर्यादित आवृत्ती' काढून दिले. या योजनेत संख्या आधी ठरत नाही, मुदत ठरते. त्या मुदतीत जितक्या मागण्या येतील तितक्या प्रती छापल्या जातात आणि मग आवृत्ती मर्यादित झाल्याचे घोषित होते. बेव्ह डूलिटल या चित्रकर्तीच्या, झाडाझुडपांत घोडे आणि चेहरे लपवणाऱ्या, चित्रांना १९८० नंतर अशी काही लोकप्रियता लाभली, की तिच्या १९७९ मधील चित्राच्या प्रती हजार होत्या, तर पुढच्या काही चित्रांच्या प्रती साठ हजारांच्या वर गेल्या. एका सहीला दहा सेकंद धरले तरी साठ हजार सह्यांना आठ तासांचे वीस-एकवीस दिवस लागतात, त्या काळात चित्रकार चित्र काढू शकत नाही, आणि मनगट दुखत असताना गुराख्याच्या कष्टांविषयी त्याला किंवा तिला जी सहानुभूती वाटत असेल ती पुढच्या चित्रात उतरत असावी. आवृत्ती 'संपली' हा शब्दही सबुरीने घ्यावा लागतो. प्रकाशकाकडची संपली म्हणजे ती विक्रेत्यांच्या दुकानांत गेली, इतकाच त्याचा अर्थ असून, विक्रेत्याच्या मागच्या खोलीत तिचे ढीग पडलेले असतानाही बाहेर तिच्या दुर्मिळतेची चर्चा चालू राहते.

दहापट मोठे दाखवणारे भिंग हे या संग्राहकाचे आयुध होय. प्रत हाती आली की तो ते प्रथम सहीवर धरतो, कारण पेन्सिलीची रेघ कागदाच्या तंतूंवर किंचित चमकते आणि छापलेली सही ठिपक्यांत फुटते. त्यानंतर तेच भिंग कुतूहलाने गुराख्याच्या चेहऱ्यावर नेले, तर उन्हाने रापलेला तो करारी जबडा, ते मिचकावलेले डोळे आणि दाढीचे खुंट हे सारे नाहीसे होऊन तेथे निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोलाकार मांडलेले दिसतात, आणि शेजारच्या घोड्याच्या ढुंगणावरही तंतोतंत तीच मांडणी असते. अनुभवी संग्राहक भिंग चेहऱ्यावर नेत नाही.

चित्रात काय असते, याची छाननी केल्यास काही नियम हाती लागतात. वेळ पहाटेची किंवा सूर्यास्ताची असते, कारण दुपारी बारा वाजता माणूस, बैल आणि टेकडी सगळेच सारखे केविलवाणे दिसतात. पाऊस असेल तर नुकताच थांबलेला असतो, टेक्सासच्या जी. हार्वे (१९३३–२०१७) याने तर ओल्या रस्त्यावर पडलेला दिव्यांचा पिवळा उजेड आणि त्यातून निमूट चाललेले स्वार या एका दृश्यावर इतकी हुकमत मिळवली, की त्याच्या गावांत नाली कधी तुंबत नाही. घोड्यांचे खूर पुष्कळदा उंच गवतात, उडत्या धुळीत, बर्फात किंवा नदीच्या उथळ पाण्यात असतात, आणि यामागे निसर्गप्रेमापेक्षा खूर काढण्याची अडचण अधिक आहे. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज याने कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेऊन चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाच ते जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिल्यापासून चित्रकाराला पायांच्या बाबतीत थाप मारण्याची सोय राहिलेली नाही, तेव्हा धूळ कामी येते.

याउलट चित्रात जे नसते त्याची यादी गुराख्याच्या खऱ्या दिनक्रमाशी बऱ्याच अंशी जुळते. दोन-तीन हजार गुरांचा कळप दिवसाला दहा-पंधरा मैल या गतीने टेक्सासातून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकापर्यंत नेताना सर्वांत नवख्या पोराला कळपाच्या मागे, सगळ्यांची धूळ खात चालावे लागे. महिन्याचा पगार तीस-चाळीस डॉलर होता आणि स्वयंपाक्याला त्याहून जास्त मिळे, जे न्याय्यच होते. आजच्या गुराख्याच्या वाट्याला कुंपणाच्या तारा ताणणे, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढणे, गोऱ्ह्यांना खच्ची करणे, कानात प्लास्टिकचे बिल्ले टोचणे आणि पिकअप गाडी चिखलातून बाहेर काढणे अशी कामे येतात, आणि ती करताना त्याच्या डोक्यावर पुष्कळदा पशुखाद्य कंपनीने फुकट दिलेली बेसबॉलच्या खेळाडूंसारखी टोपी असते. या टोपीचे चित्र हजार प्रतींत काढून विकण्याचे धाडस अद्याप कोणी केल्याचे दिसत नाही. न्यू मेक्सिकोत स्वतः गुरे राखणाऱ्या टिम कॉक्स यासारख्या चित्रकारांनी तारेचे कुंपण, पवनचक्की आणि आजचे वाडे चित्रात आणले, हे कबूल केले पाहिजे, आणि त्याच्या चित्रांतील घोड्यांना खूरही असतात. पण सूर्यास्त त्यालाही चुकलेला नाही.

आणखी एक उणीव अधिक गंभीर आहे. फास टाकणे, खोगिराची घडण, चामड्याचे पायझाकण यांपैकी बहुतेक सगळी विद्या मेक्सिकोच्या वाकेरो, म्हणजे तिकडच्या गुराखी, लोकांकडून आली, आणि त्या काळच्या टेक्सासातील गुराख्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा सर्वसाधारण अंदाज आहे. दोन तंगांच्या खोगिरावरून चित्रकाराला फाडून खाणाऱ्या संग्राहकाने आपल्या भिंतीवरचे पन्नास गोरे, निळ्या डोळ्यांचे, करारी जबड्याचे चेहरे मोजून हा हिशेब कुठे चुकला, असे विचारल्याचे ऐकिवात नाही. अचूकतेची त्याची भूक खोगिरावर भागते आणि खोगिरावर बसलेल्या माणसापर्यंत पोचत नाही.

मोकळ्या कुरणांवरून कळप हाकण्याचे हे युग यादवी युद्धानंतर १८६६ च्या सुमारास सुरू झाले आणि वीसेक वर्षांतच आटोपले. जोसेफ ग्लिडन याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतल्यावर कुरणांचे तुकडे पडू लागले, आणि १८८६–८७ च्या भयंकर हिवाळ्यात लाखो गुरे थंडीने मेली. त्या हिवाळ्यात मालकाला कळपाचा हालहवाल कळवण्यासाठी पत्राऐवजी रसेलने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बर्फात उभी असलेली एक हाडांचा सापळा झालेली गाय आणि तिच्या मरणाची वाट पाहणारे कोल्हे रंगवून पाठवले, आणि पुढे त्याचे नाव झाले ते त्या चित्रामुळे. म्हणजे या कलाप्रकाराची कीर्ती जेथून सुरू होते तेथे त्याचा विषय संपलेला आहे, आणि त्यानंतरची जवळपास दीड शतके वरातीमागून घोडे धावत आहेत. घोडे उत्तम रंगवलेले आहेत, हा भाग वेगळा.

घरात आल्यावर चित्राचे आयुष्य तीन प्रकारे जाते. पहिल्या प्रकारात ते आम्लरहित पुठ्ठा आणि अतिनील किरण अडवणारी काच यांच्या चौकटीत बसवले जाते, आणि या चौकटीला मूळ प्रतीहून अधिक खर्च येत असल्याने भिंतीवर खरे पाहता चौकट लटकलेली असून चित्र तिच्यासोबत आलेले असते. दुसऱ्या प्रकारात क्रमांक, प्रमाणपत्र आणि प्रकाशकाचे मूळ वेष्टन यांना धक्का लागू नये म्हणून ते पलंगाखालच्या सपाट खोक्यात जाते, तेथे त्याची किंमत वाढत असल्याची मालकाला खात्री असते आणि ते खोके उघडून पाहिल्यास हाताळणीने किंमत घटेल या भीतीने ते कधी उघडले जात नाही. तिसऱ्या प्रकारात पत्नीने दिवाणखान्यात त्याला मज्जाव केल्यामुळे ते न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात, थेट पश्चिमेच्या खिडकीसमोर लावले जाते. ॲरिझोनाचे ऊन ऑफसेटच्या शाईवर पडत राहिले म्हणजे पिवळा आणि किरमिजी रंग आधी उडतात आणि निळा व काळा मागे उरतात, त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत सूर्यास्ताच्या लालीत निघालेले स्वार आपोआप चांदण्या रात्रीत पोचतात. रेमिंग्टनला अखेरच्या वर्षांत रात्रीच्या प्रकाशाची दृश्ये साधण्यासाठी अपार मेहनत घ्यावी लागली होती. येथे ती केवळ साध्या काचेने साधते.

या साऱ्या व्यवहाराची सर्वांत खोडसाळ परीक्षा २००५ साली क्रिस्टीज या लिलावगृहात झाली. रिचर्ड प्रिन्स या कलावंताने मार्लबोरो सिगारेटच्या मासिकांतील जाहिरातींची पुन्हा छायाचित्रे काढून, त्यांतील मजकूर वगळून, केवळ काउबॉय उरवलेल्या प्रती कलाकृती म्हणून मांडल्या होत्या, आणि त्यांपैकी एक त्या लिलावात दहा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. नकलेची नक्कल, तीही धूम्रपानाच्या जाहिरातीची, एवढी किंमत घेऊन गेल्याचे कळल्यावर आयुष्यभर प्रमाणपत्रे सांभाळणाऱ्या संग्राहकाला काय वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको. तक्रारीचा त्याचा मुद्दा मात्र मार्मिक असून, प्रिन्सला घोडा काढता येतो की नाही हे अखेरपर्यंत कळत नाही, असा तो आहे.

संगणकाच्या साहाय्याने शाईचे अतिसूक्ष्म फवारे कॅनव्हासवर उडवून काढलेल्या 'जिक्ले' प्रती आल्यापासून ऑफसेटच्या जुन्या आवृत्त्यांचे दिवस फिरले आहेत. जिक्ले प्रती मागणीनुसार एकेक काढता येत असल्याने विक्रेत्याच्या मागच्या खोलीत ढीग साठत नाही, आणि त्यांवर चकाकणाऱ्या पारदर्शक लेपाचे चार फराटे हाताने ओढले म्हणजे त्या तैलचित्रासारख्या दिसून आणखी महाग होतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत शे-दोनशे डॉलरला घेतलेल्या अनेक प्रती आज चौकटीसह विकायला काढल्या, तर घेणारा चौकटीचे माप विचारतो. मुलांना त्या नको असतात, कारण त्यांच्या घरांना भिंतींपेक्षा खिडक्या जास्त असतात, आणि जुळत्या क्रमांकांचा तो अविभाज्य संच शेवटी एखाद्या धर्मादाय दुकानात विजोड कपबशांशेजारी पोचतो.

प्रत्यक्ष गुराख्यांच्या घरी ही चित्रे नसतात, असे मात्र समजू नये. पशुखाद्य आणि खोगिरांची दुकाने डिसेंबरात गिऱ्हाइकांना जी कॅलेंडरे वाटतात त्यांवर याच चित्रकारांची चित्रे असतात, आणि ती स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, चुलीच्या वाफेने वाकलेली, तारखांच्या चौकोनांत लसीकरण, वळू परत न्यायचा दिवस आणि बँकेचा हप्ता खरडलेली आढळतात. रसेलची चित्रे असलेली ब्राउन अँड बिगेलो कंपनीची जुनी कॅलेंडरे आता लिलावांत येऊ लागली असून, त्यांचे संग्राहक निराळे आणि परिभाषा निराळी असली तरी किमतीचा नियम स्पष्ट आहे : ज्या कॅलेंडराच्या चौकोनांत कोणीच काही लिहिलेले नाही आणि ज्याचे एकही पान उलटलेले नाही, त्याला भाव चांगला येतो, आणि लसीकरणाच्या नोंदी असलेले कॅलेंडर विक्रेता 'खराब' या रकान्यात टाकतो.